मोटरसायकलचे टॅपेट: तपासणी आणि सेटिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॅपेटची विचारणा बहुतेक वेळा आवाजापासून सुरू होते. "गाडी टकटक करतेय, टॅपेट टाइट करायला हवेत का?" खालच्या मजकुराचा बराच भाग या प्रश्नाला उलट उत्तर देण्यात गेला आहे. टकटक करणाऱ्या टॅपेटपेक्षा गप्प बसलेल्या टॅपेटची काळजी जास्त करावी लागते. हे सगळं फोर-स्ट्रोक इंजिनाबद्दल आहे. नेहमीच्या टू-स्ट्रोक मोटरसायकलला हवा-पेट्रोल आत घेणारे (इनटेक) आणि जळलेला वायू बाहेर सोडणारे (एक्झॉस्ट) असे व्हॉल्व्हच नसतात, त्यामुळे ती मंडळी या कटकटीतून सुटली.

टॅपेट सेटिंग म्हणजे नेमकं काय?

इंजिनाच्या हेडमध्ये कॅम शाफ्ट फिरतो. त्यावरचा उंचवटा रॉकरला (मध्ये टेकू असलेल्या छोट्या दांडीला) किंवा बकेटला (व्हॉल्व्हवर उपड्या ठेवलेल्या वाटीला) ढकलतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. उंचवटा पुढे सरकला की स्प्रिंग व्हॉल्व्हला ओढून बंद करते. व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना त्याच्या दांड्याचं टोक आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यात केसाएवढी फट असावी लागते. ही फट मोजणं आणि कंपनीने दिलेल्या आकड्यात आणून ठेवणं म्हणजे टॅपेट सेटिंग. काटेकोर बोलायचं तर टॅपेट हे एका सुट्या भागाचं नाव आहे. पण गॅरेजमध्ये त्या फटीला, तिच्या स्क्रूला आणि तिच्या आवाजालाही टॅपेटच म्हणतात. इथेही तसंच म्हटलं आहे.

गॅप ठेवायचीच कशाला? शून्य ठेवली तर आवाजही येणार नाही.

आवाज येणार नाही हे खरं, पण काही दिवसांनी कॉम्प्रेशनही (सिलिंडरमध्ये पिस्टनने तयार होणारा दाब) येणार नाही.

व्हॉल्व्ह तापला की लांब होतो. एक ढोबळ हिशोब करू. दांडा ९० मिलिमीटर लांब आहे आणि त्याचं सरासरी तापमान ३०० अंशांनी वाढलं असं धरू. पोलाद दर अंशाला, दर मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं. म्हणजे व्हॉल्व्ह सुमारे ०.३२ मिमी लांबला. त्याच वेळी भोवतालचं ॲल्युमिनियमचं हेडही वाढतं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट वाढतं, पण ते तापतं कमी. शंभर अंश धरले तर ते सुमारे ०.२ मिमी वाढेल. उरला फरक ०.१२ मिमी. थंड इंजिनात तेवढी जागा राखून ठेवली नाही, तर गरम झालेला व्हॉल्व्ह रॉकरला जाऊन भिडेल आणि आपल्या सीटवरून (बंद होताना तो टेकतो त्या कड्यावरून) किंचित उचललेलाच राहील. प्रत्येक इंजिनाचे आकडे वेगळे असतात. पण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यावर एवढी घासाघीस का चालते, ते यावरून कळेल.

इनटेक आणि एक्झॉस्टला वेगवेगळे आकडे का असतात?

इनटेक व्हॉल्व्हला दर फेरीला थंड हवा आणि पेट्रोलची आंघोळ मिळते. एक्झॉस्टच्या नशिबी जळलेला वायू. भरधाव चालवताना त्याचं डोकं ७०० अंशांच्या वर जाऊ शकतं. तो जास्त तापतो, जास्त लांबतो, म्हणून बहुतेक इंजिनांत त्याची गॅप इनटेकपेक्षा मोठी असते. काही इंजिनांत दोन्हींना एकच आकडा दिलेला असतो, ती छपाईची चूक नव्हे.

माझ्या गाडीला किती गॅप ठेवू?

जी तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिली असेल ती. "सगळ्या शंभर-सव्वाशे सीसीला एकच चालतं" हे ऐकून सेट करू नका. अंदाज यावा म्हणून सांगतो: इनटेकचे आकडे बहुधा ०.०५ ते ०.१५ मिमीच्या दरम्यान असतात, मोठ्या इंजिनांत थोडे वर. एक्झॉस्टचे ०.१० ते ०.३० मिमी.

फिलर गेजवर (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या जुडग्यावर) बऱ्याचदा दोन आकडे कोरलेले असतात, एक मिलिमीटरचा आणि एक इंचाचा. ०.१० मिमी म्हणजे इंचाचे साधारण चार हजारांश, ज्याला जुने मेकॅनिक 'चार थाउ' म्हणतात. तिथे ०.००४ असं लिहिलेलं असतं. घाईत शून्य मोजायला चुकून भलतीच पट्टी उचलणारे मी पाहिले आहेत. त्यांच्यात मीही आहे.

आवाज अजिबात नाही, गाडी मस्त पळते. मग उघडून बघायचं कशाला?

खरं तर याच गाडीचं हेड कव्हर आधी उघडायला हवं.

गॅप जास्त झाली की ती बोंब मारते. कमी झाली की गप्प होते. इंजिन पूर्वीपेक्षा मुलायम वाटतं आणि मालक खूश असतो. आत मात्र एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर नीट टेकत नसतो. व्हॉल्व्हला मिळालेली बरीचशी उष्णता तो बंद असताना सीटमधूनच हेडमध्ये उतरते. थंड व्हायला त्याला तेवढीच फुरसत असते. सहा हजार आरपीएमला एक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो आणि मिटतो, त्यामुळे प्रत्येक वेळी सीटला टेकायला मिळणारा वेळ किती ते बघा. तो टेकणंच बंद झालं तर उष्णता जाणार कुठे? वर त्या फटीतून जळता वायू झोतासारखा सुटतो. व्हॉल्व्हची कड तिथल्या तिथे खाल्ली जाते, तिला खाच पडते. एकदा खाच पडली की स्क्रू कितीही फिरवा, उपयोग नाही. हेड उतरवावं लागतं.

माझ्या पहिल्या गाडीचं हेच झालं. थोडी टकटक होती, ती नको म्हणून मी एका मेकॅनिककडून 'टाइट' करून घेतली. इंजिन गरमच होतं, गेज लावलं नव्हतं, बोटाने हलवून बघितलं आणि झालं. पुढचे काही महिने इतकी शांत गाडी मी चालवली नव्हती. मग एका सकाळी किक मारली तर पाय सरळ खाली गेला, अडलाच नाही. कॉम्प्रेशन गायब. चूक त्याची जेवढी, तेवढीच मागणी करणाऱ्या माझी.

गॅप कमी झाल्याची लक्षणं कोणती?

थंडीत किंवा इंजिन तापल्यावर स्टार्टिंगला त्रास. आयडलिंग एका जागी न थांबणं. सायलेन्सरमधून किंवा उलट इनटेककडून फुटल्यासारखा आवाज. चढावर ओढ कमी. किक सैल लागणं. पण ही लक्षणं दिसायला लागेपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं, आणि यातली बहुतेक लक्षणं कार्बुरेटर, प्लग किंवा हवा गळतीचीही असू शकतात. म्हणून लक्षणांची वाट बघायची नसते, किलोमीटर बघून मोजायचं असतं.

वापराने गॅप वाढते की कमी होते?

दोन्ही होतं, आणि कुठे झीज जास्त यावर ठरतं. व्हॉल्व्ह सीटवर आपटून आपटून हळूहळू आत बसतो. तो जितका आत, तितकं दांड्याचं टोक वर येतं आणि गॅप कमी होते. उलट कॅम, रॉकर, स्क्रूचं टोक किंवा दांड्याचा माथा झिजला तर गॅप वाढते. स्क्रू-नटवाल्या साध्या इंजिनांत (जिथे रॉकरच्या टोकावरच्या स्क्रूने गॅप बदलते) दुसऱ्या प्रकारची झीज बऱ्यापैकी असते, त्यामुळे तिथे टकटक वाढलेली आढळते. शिम-बकेटवाल्या इंजिनांत (जिथे स्क्रूऐवजी शिम नावाच्या चकतीच्या जाडीने गॅप ठरते) वरची झीज फारच थोडी, म्हणून तिथे गॅप बहुतेक वेळा कमीच होत जाते.

गॅप थोडी जास्त राहिली तर काय बिघडतं?

थोडी म्हणजे एखाद-दोन शतांश मिलिमीटर असेल तर फारसं नाही. व्हॉल्व्ह जरा उशिरा उघडतो, जरा लवकर मिटतो आणि थोडा कमी उघडतो. बरीच जास्त असेल तर मात्र रॉकर दर वेळी हातोडीसारखा बसतो, टोकं चेपतात आणि व्हॉल्व्ह सीटवर जोरात आदळतो. जास्त गॅप चांगली असं मी म्हणत नाही. पण दोन चुकांतली एक निवडायची वेळ आली, तर मी आवाजाची चूक निवडेन.

टकटक टॅपेटचीच आहे हे कसं ओळखू?

टॅपेटचा आवाज हेडच्या वरच्या भागातून येतो. तो कोरडा आणि एकसारखा असतो, इंजिनाच्या वेगाबरोबर वाढतो. कॅम शाफ्ट क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या मुख्य शाफ्टच्या) निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे टकटकीची चाल इंजिनाच्या इतर ठोक्यांपेक्षा संथ लागते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवून मूठ कानाला लावली की बरंच कळतं.

टायमिंग चेन (क्रँकवरून कॅम फिरवणारी साखळी) सैल असेल तर 'खर्रर्र' अशी खडखड इंजिनाच्या बाजूने येते, विशेषतः ॲक्सिलरेटर सोडताना. पिस्टनचा आवाज थंड इंजिनात जास्त आणि तापल्यावर कमी होतो. सायलेन्सरचा पाइप हेडला जोडतो तिथली गॅस्केट गेली असेल तर 'फट-फट' येतं आणि ते टॅपेटसारखंच भासतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टर स्वतःच बारीक टिकटिकतो, त्याला काहीही करू नका.

किती किलोमीटरला तपासावं?

मॅन्युअलचा आकडा पाळा. स्क्रू-नटवाल्या लहान इंजिनांना साधारण तीन ते सहा हजार किलोमीटर. शिमवाल्या मोठ्या इंजिनांना चोवीस हजारांच्या आसपास, यामाहाच्या काही चार-सिलिंडर गाड्यांना ४२,००० पर्यंतही. नव्या गाडीची पहिली तपासणी चुकवू नका, कारण व्हॉल्व्ह आणि सीट एकमेकांत बसण्याचं बरंच काम सुरुवातीलाच होतं.

इंजिन किती थंड हवं?

हाताला थंड लागणं पुरेसं नाही, आतूनही थंड हवं. बऱ्याच मॅन्युअलमध्ये ३५ अंश सेल्सिअसच्या खाली असं दिलेलं असतं. मी गाडी रात्रभर उभी ठेवतो आणि सकाळी काम काढतो. गॅरेजपर्यंत चालवत नेऊन लगेच टॅपेट सेट करून घेणं हा सगळ्यात जास्त चालणारा आणि सगळ्यात चुकीचा प्रकार. काही जुन्या इंजिनांना गरम असतानाचा आकडा दिलेला असतो. तसं स्पष्ट लिहिलं असेल तरच गरम मोजायचं.

कोणती अवजारं लागतात?

फिलर गेज, शक्यतो टोकाला वाकवलेल्या अरुंद पट्ट्यांचा. प्लग पाना. कव्हरच्या बोल्टांचे पाने. क्रँक फिरवायला सॉकेट. लॉक नटसाठी रिंग पाना आणि स्क्रूच्या चौकोनी टोकासाठी छोटी चावी (काही गाड्यांत तिथे स्क्रू ड्रायव्हरची खाच असते). टॉर्क रेंच असेल तर उत्तम, आणि शिमवाल्या इंजिनाला तो हवाच. शिवाय मायक्रोमीटर, लोहचुंबकाची कांडी, आणि वही-पेन.

दाढीच्या ब्लेडने टॅपेट सेट करतात हेही ऐकलं असेल. साध्या दुधारी ब्लेडची जाडी साधारण ०.१० मिमी असते, त्यामुळे ती युक्ती अगदीच हवेतली नाही. पण तिच्यात एकच माप आहे आणि तुमच्या इंजिनाला दोन लागतात. रस्त्यात अडकल्यावर ठीक, घरी नको.

टीडीसी कसा शोधायचा?

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात, म्हणून सावकाश.

पिस्टन अगदी वर असण्याची जागा म्हणजे टीडीसी. फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. एकदा एक्झॉस्टच्या शेवटी, तेव्हा एक मिटत असतो आणि दुसरा उघडत असतो. आपल्याला पहिला हवा. मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकाला बसवलेल्या चाकावरची) खूण मात्र दोन्ही वेळा तीच दिसते, कारण ती क्रँकवर आहे आणि क्रँकला कॅमचं काही माहीत नसतं.

प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल. मॅग्नेट कव्हरवरची दोन झाकणं काढा. मधल्या झाकणातून क्रँकचा नट दिसतो, वरच्या छोट्या झाकणातून खुणा दिसतात. नट इंजिन फिरण्याच्या दिशेनेच फिरवा. कित्येक गाड्यांत डाव्या बाजूने बघताना ती दिशा घड्याळाच्या उलट असते, पण तुमच्या गाडीची खात्री करून घ्या. आता नजर इनटेकच्या रॉकरवर ठेवा. तो खाली दबेल आणि परत वर येईल. तो वर आल्यानंतर पहिल्यांदा 'टी' अक्षराची रेघ खाचेसमोर आली की तोच कॉम्प्रेशनचा टीडीसी. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला तर त्या आधी हवा बाहेर ढकलली जाताना जाणवते.

खात्री करायची असेल तर दोन्ही रॉकर बोटांनी हलवून बघा. दोन्हींत किंचित हालचाल हवी. दोन्ही घट्ट असतील तर तुम्ही दुसऱ्या टीडीसीवर आहात, क्रँकची आणखी एक पूर्ण फेरी फिरवा. फक्त एकच घट्ट असेल तर कदाचित त्या व्हॉल्व्हची गॅप खरोखरच संपलेली आहे. ही शक्यता विसरून खुणा शोधत बसू नका.

'टी'च्या शेजारी 'एफ' अक्षर असतं. ती ठिणगी पडण्याची खूण आहे, तिच्यावर थांबायचं नाही. आणि खूण ओलांडून पुढे गेलात तर मागे फिरवू नका, दोन फेऱ्या पुढून परत या. ऑटो डिकॉम्प्रेशन (स्टार्ट करताना दाब कमी करणारं यंत्र) असलेल्या काही इंजिनांत क्रँक उलटा फिरवला की ते यंत्र एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा उचलून धरतं आणि मोजमाप खोटं येतं.

पट्टी किती घट्ट जायला हवी?

'लोण्यातून सुरी' म्हणतात तशी नको आणि ढकलावी लागेल अशीही नको. दोन तेलकट कागदांमधून तिसरा ओढताना लागेल इतपत अडकाव हवा. पण हाताचा अंदाज माणसागणिक बदलतो, म्हणून मी एका पट्टीवर विश्वास ठेवत नाही. माप ०.१० हवं असेल तर ०.१० ची पट्टी जायला हवी आणि त्याच्या वरची, ०.१२ किंवा ०.१३ ची, जायला नको. असं केलं की वाद मिटतो. पट्टी सरळ आत घाला, तिरकी घातली की ती घट्ट लागते आणि गॅप कमी असल्याचा भास होतो. वाकलेली किंवा गंजलेली पट्टी फेकून द्या.

काहीही सैल करण्याआधी प्रत्येक व्हॉल्व्हचं आहे ते माप वहीत लिहा. सेट करून झाल्यावर ते माप कायमचं जातं, आणि व्हॉल्व्ह कुठल्या दिशेने चाललाय हे नंतर कुणीही सांगू शकत नाही.

स्क्रू बरोबर लावतो, पण लॉक नट आवळला की गॅप बदलते. का?

नट आवळताना स्क्रू थोडा सोबत फिरतो आणि चुड्यांमधली (आट्यांमधली) ढिलाईही एका बाजूला जाते. स्क्रूचा पिच अर्धा मिलिमीटर असेल तर एक पूर्ण फेरी म्हणजे ०.५० मिमी. म्हणजे नुसत्या छत्तीस अंशांत ०.०५ मिमी सरकलं. म्हणून स्क्रू चावीने घट्ट धरून नट आवळायचा, पट्टी आतच ठेवायची आणि आवळून झाल्यावर पुन्हा मोजायचं. पहिल्या फटक्यात कुणाचंच बरोबर येत नाही. दोन-तीनदा करून तुमच्या हाताला कळतं की नट आवळताना तुमच्या गाडीची गॅप किती सरकते, मग तेवढी आधीच धरता येते. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच आवळा. या चुड्या बारीक असतात, जोर लावून मिरवायची ही जागा नव्हे.

माप बिनचूक आहे, तरी टकटक तशीच.

स्क्रूचं टोक काढून बघा. वर्षानुवर्षं ठोके खाऊन त्यात वाटीसारखा खड्डा पडतो. सपाट पट्टी त्या खड्ड्याच्या काठांवर पुलासारखी टेकते आणि काठांपासूनचं अंतर मोजते. दांडा मात्र खड्ड्यात तळापर्यंत शिरतो. गेज ०.१० सांगतो, खरी गॅप त्याच्या दीडपट-दुप्पट असते. स्क्रू बदला. दांड्याच्या माथ्यावरही तशीच खूण असेल तर प्रकरण हेड उतरवण्यापर्यंत जाऊ शकतं.

शिम म्हणजे काय, आणि कोणती घालायची हे कसं काढायचं?

डबल कॅमच्या बऱ्याच इंजिनांत स्क्रू नसतो. कॅम थेट एका उलट्या वाटीसारख्या बकेटवर चालतो आणि बकेट व दांडा यांच्यामध्ये एक छोटी कडक पोलादी चकती असते. तीच शिम. गॅप बदलायची म्हणजे वेगळ्या जाडीची शिम घालायची. काही जुन्या इंजिनांत, उदाहरणार्थ कावासाकीच्या १९७२ च्या झेड-वनमध्ये, शिम बकेटच्या वर असते आणि खास अवजाराने कॅम न काढता बदलता येते. शिम बकेटखाली असेल तर कॅम उचलावाच लागतो.

मोजताना कॅमचा उंचवटा बकेटपासून दूर, विरुद्ध बाजूला असावा. चार सिलिंडर असतील तर एकेक सिलिंडर घेत क्रँक फिरवत जायचं, आणि गोंधळ होऊ नये म्हणून कागदावर डोळ्यांसमोर दिसते तशी चौकटी काढून त्यात मापं भरायची.

हिशोब साधा आहे. जुन्या शिमच्या जाडीत मोजलेली गॅप मिळवा आणि हवी असलेली गॅप वजा करा. समजा एक्झॉस्टला ०.२० ते ०.२५ हवी, मिळाली ०.१५, आणि शिम निघाली १.८० मिमीची. मला ०.२३ हवी आहे. १.८० अधिक ०.१५ म्हणजे १.९५, त्यातून ०.२३ गेले, राहिले १.७२. बाजारात शिम ०.०५ किंवा ०.०२५ च्या टप्प्यांनी मिळतात. १.७० घातली तर गॅप ०.२५ येईल, म्हणजे वरच्या काठावर. १.७२५ मिळाली तर ०.२२५. शिमच्या इंजिनात गॅप पुढे कमीच होत जाणार आहे, त्यामुळे मी सैल बाजूला झुकतो. मधलं माप चुकीचं नाही, पण सैल बाजूला ठेवलं तर पुढच्या तपासणीपर्यंत हातात थोडी शिल्लक राहते.

शिमवर १८० असं लिहिलं असेल तर ती १.८० मिमीची. तो आकडा बऱ्याचदा पुसलेला असतो, आणि आधी कुणी काय घातलं ते माहीत नसतं. मायक्रोमीटरने मोजा. शिमचा व्यासही इंजिनागणिक वेगळा असतो, त्यामुळे नुसती जाडी सांगून मागवू नका.

कॅम काढताना काय चुकू शकतं?

बरंच काही, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने शेजारी जाणकार बसवून करावं. कॅम सैल करण्याआधी टायमिंग चेनचा टेन्शनर (तिला ताणून ठेवणारा भाग) काढायचा किंवा मॅन्युअलप्रमाणे अडकवून ठेवायचा. चेन तारेने वर बांधून ठेवायची, ती खाली पडली की क्रँकच्या गिअरवर अडकते. चेनच्या बोगद्यात स्वच्छ फडकं कोंबायचं. ज्याची शिम टणकन त्या भोकातून तेलाच्या टाकीत गेली आहे, त्याला याचं कारण सांगावं लागत नाही. बकेट आणि शिम ज्या जागेवरून निघाल्या त्याच जागी परत जायला हव्यात. अंड्यांचा ट्रे यासाठी उत्तम.

कॅमच्या कॅपचे बोल्ट सोडताना आणि आवळताना सगळे थोडे थोडे, मॅन्युअलमधल्या क्रमाने. एक बाजू आधी आवळली की स्प्रिंगच्या जोराने कॅम तिरका होतो आणि कॅप तडकते. बहुतेक कॅप हेडसोबतच जोडीने कापलेल्या असतात, सुटी कॅप विकत मिळत नाही, पूर्ण हेड घ्यावं लागतं. सहा मिलिमीटरच्या या बोल्टांना टॉर्क साधारण १० ते १२ न्यूटन-मीटरच असतो. 'अजून थोडं' म्हणायची सवय इथे महागात पडते.

माझ्या गाडीला टॅपेट सेटिंग लागतच नाही म्हणतात. खरं का?

हायड्रॉलिक लिफ्टर असतील तर खरं. त्यात तेलाचा दाब गॅप आपोआप भरून काढतो. हार्ले-डेव्हिडसनने १९४८ च्या पॅनहेड इंजिनात ते आणले. रॉयल एनफिल्डच्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घरात असलेल्या) पिढीच्या ३५० आणि ५०० सीसी इंजिनांतही आहेत. तिथे टकटक आली तर आधी तेलाची पातळी आणि दाब बघायचा.

त्याच घराण्यातल्या जुन्या ओतीव लोखंडी बुलेटची तऱ्हा निराळी. तिला फिलर गेज लागत नाही. थंड इंजिनात, कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर पुशरॉड (खालच्या कॅमचा धक्का वर रॉकरपर्यंत नेणारा दांडा) बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. म्हणून गाडीचं नुसतं नाव सांगून गॅप विचारू नका, इंजिनाची पिढी सांगा.

डुकाटीची डेस्मो पद्धत तिसरीच. तिथे व्हॉल्व्ह मिटवायलाही कॅम आणि रॉकर असतो, त्यामुळे एका व्हॉल्व्हला दोन गॅप, एक उघडण्याची आणि एक मिटण्याची. फाबिओ ताल्योनी यांनी ती १९५६ मध्ये शर्यतीच्या गाडीत आणली. २०२० मध्ये आलेल्या व्ही-फोर ग्रांतुरिस्मो इंजिनात मात्र डुकाटीने पुन्हा साध्या स्प्रिंग घेतल्या, आणि तपासणी थेट ६०,००० किलोमीटरवर नेली.

सेटिंग झाल्यावर लगेच स्टार्टर मारू का?

नको. क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. कुठे अडलं तर थांबा, जोर लावू नका, टायमिंग चुकलेलं असू शकतं. मग पुन्हा टीडीसीवर आणून सगळ्या गॅप परत मोजा. शिम नीट बसलेली नसेल किंवा खाली तेलाचा थर असेल तर तो आता दबून खरं माप कळतं. बोगद्यातलं फडकं काढलं का? हा प्रश्न दोनदा विचारावा असा आहे. कव्हरच्या ओ-रिंग किंवा गॅस्केट कडक झाल्या असतील तर नव्या घाला. सिलंट सगळीकडे थापू नका, मॅन्युअल सांगेल त्या कोपऱ्यांपुरताच.

सुरू केल्यावर आवाज पूर्वीपेक्षा थोडा वाढला, तर घाबरू नका. घट्ट झालेले व्हॉल्व्ह मोकळे झाले की एवढी टिकटिक येतेच.

दर वेळी त्याच एका व्हॉल्व्हची गॅप कमी होते. नुसती सेट करत राहू का?

वही आता कामाला येते. तीन-चार तपासण्यांत तो व्हॉल्व्ह दर वेळी साधारण तेवढाच सरकत असेल, तर ती नेहमीची झीज, सेट करा आणि चालवा. पण आधी ०.०२ सरकायचा आणि आता निम्म्या अंतरात ०.०६ सरकतोय, किंवा शिमच्या कपाटातली सगळ्यात पातळ चकतीही जाड पडू लागली, तर तो व्हॉल्व्ह सीटमध्ये बुडत चालला आहे किंवा त्याची कड गेली आहे. कॉम्प्रेशन टेस्ट करा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून. शक्य असेल तर लीक-डाउन टेस्टही करा. प्लगच्या भोकातून हवा भरल्यावर सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट गळतोय, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनटेक. अशा वेळी आणखी पातळ शिम शोधण्यात अर्थ नाही, हेड उतरवून सीट आणि व्हॉल्व्ह दोन्ही बघून घ्या.